गळासाठी तलाव निवडताना : बासची रीत घ्यावी, बास आणू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत सोलापूरच्या आसपासच्या तलावांवर रॉड आणि रीळ घेऊन आलेले तरुण सुटीच्या दिवशी हमखास दिसू लागले आहेत. हिप्परग्याचा बांध असो, अक्कलकोट तालुक्यातील कुरनूरचा काठ असो की करमाळ्याकडचा उजनीचा फुगवटा असो, गळाने मासे धरण्याचा हा छंद आपल्या जिल्ह्यात चांगलाच रुजतो आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. यातील बहुतेकांचे शिक्षण मात्र मोबाईलवरील परदेशी चित्रफिती पाहून झालेले असते आणि त्या चित्रफिती प्रामुख्याने अमेरिकेतील बास माशाच्या असतात. परिणामी तिथला हंगाम, तिथली साधने आणि तिथल्या युक्त्या जशाच्या तशा इथे वापरून अनेक जण दिवसभर उन्हात उभे राहतात आणि रिकाम्या हाताने परततात. दुसरीकडे, ‘उजनीतही बासचे बीज सोडले तर काय बहार येईल,’ अशी बोलणी काठावर उघडपणे ऐकू येऊ लागली आहेत. या दुसऱ्या गोष्टीची मला खरोखर धास्ती वाटते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

ज्याला लार्जमाउथ बास म्हणतात तो मूळचा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा आहे. पाणवनस्पतींच्या कडेला, पाण्यात पडलेल्या झाडाखाली किंवा लाकडी धक्क्याच्या सावलीत तो दबा धरून बसतो आणि टप्प्यात आलेल्या लहान माशावर, बेडकावर झडप घालतो. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली धरलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या, म्हणजे दहा किलोंहून किंचित जड बासचा विक्रम पाऊणशे वर्षे कोणाला गाठता आला नव्हता. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. या माशाभोवती तिकडे मोठे विश्व उभे राहिले आहे. रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्कान्सा राज्यातील बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली, पुढच्याच वर्षी बास धरणाऱ्यांची संघटना काढली आणि १९७२ पासून स्पर्धेत धरलेला मासा जिवंत ठेवून परत पाण्यात सोडण्याचा आग्रह धरला. आपल्या तरुणांनी त्यांच्याकडून घ्यावे असे पुष्कळ आहे, आणि त्यात सर्वांत मोलाचा आहे तो गळ टाकण्याआधी तलावाचा अभ्यास करण्याचा शिरस्ता. कसलेला बास-मासेमार तलावावर पोहोचल्याबरोबर गळ भिरकावत नाही. पाणी कोठे उथळ आहे, जुन्या ओढ्याचे पात्र कोठून जाते, उतार कोठे एकदम तुटतो, वारा कोणत्या काठावर आपटतो आणि बुडालेले लाकूड कोठे आहे हे तो आधी ठरवतो. अफाट पाण्यातला अगदी थोडा भाग माशांचा असतो आणि तोच शोधायचा असतो.

हीच दृष्टी उजनीला लावून पाहावी. या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३.६ टीएमसी, हा मृतसाठा आहे, म्हणजे ‘उपयुक्त’ न धरले जाणारे तळचे पाणी; साठा त्याखाली गेला की टक्केवारी उणे मोजतात. म्हणूनच ‘उजनी उणे’ झाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो आणि तरीही जलाशयात मासे टिकून राहतात. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. अशा वेळी पाणी काठापासून दूरवर सरकते आणि एरवी डोळ्यांआड असलेले सगळे उघडे पडते : बुडालेल्या गावठाणांच्या भिंती, विहिरींचे कठडे, जुन्या रस्त्यांचे भराव, बाभळींची खोडे, ओढ्यांची पात्रे. इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे जुने मंदिर असेच वर येते आणि ते पाहायला लोक गर्दी करतात. गळवाल्याने त्या दिवसांत रॉड घरी ठेवून वही घेऊन जावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एप्रिल-मेमध्ये केत्तूरपासून कंदरपर्यंतच्या काठाने पायी फिरावे, पडक्या भिंतीचा कोपरा, विहीर, खोडांची रांग यांच्या खुणा मोबाईलच्या नकाशात नोंदवून ठेवाव्यात आणि पाणी भरल्यावर नेमके तेथे गळ टाकावा. अमेरिकेतील जलाशयांवर हजारो रुपयांच्या यंत्रांनी तळ न्याहाळला जातो. उजनी आपला तळ दर उन्हाळ्यात स्वतःहून उघडा करते. फक्त ओल्या गाळात उतरू नये. वरून कोरडी पपडी दिसली तरी खाली माणूस कमरेपर्यंत रुतेल इतका गाळ असतो.

पाणी ओसरल्यावर शेतकरी त्या जमिनीवर गाळपेर करतात. पुढे पाणी वाढू लागते तेव्हा ही गाळपेराची रानेही बुडतात. पिकाची धाटे आणि गवत कुजू लागते, त्यावर किडे-शेवाळ येते, त्यामागे लहान मासे येतात आणि त्यांच्यामागे शिकारी मासे येतात. नव्याने बुडालेल्या रानाची ही कड पाण्याबरोबर रोज मागे सरकत जाते. तिच्या मागोमाग जो सरकेल त्याला मासा सापडेल. दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या ‘हमखास’ जागेवर चिकटून बसणाऱ्याला मात्र तेथे फक्त खोल पाणी मिळेल.

इथेच हंगामाचा प्रश्न येतो. चित्रफितींमध्ये वसंत ऋतूचे फार कौतुक असते, कारण हिवाळ्यात खोल पाण्यात गेलेला बास पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर तापू लागले की अंडी घालण्यासाठी उथळ काठाला येतो. आपल्याकडे पाणी तसे कधी गारठतच नाही. आपले वर्ष थंडीवर चालत नाही, ते पाण्याच्या आवकेवर चालते आणि गंमत अशी की एकाच जिल्ह्यातील दोन तलावांचे वर्षही सारखे नसते. उजनी पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्याच्या पावसावर भरते. जुलै-ऑगस्टमध्ये सोलापुरात आभाळ कोरडे असतानाही भीमेच्या पाण्याने ती चढत असते. हिप्परगा आणि कुरनूर यांना मुख्यतः आपल्या भागातील पावसाची वाट पाहावी लागते आणि सोलापूरचा भर पाऊस बहुधा सप्टेंबरचा असतो. त्यामुळे ऑगस्टअखेर उजनीचे पाणी स्थिरावत असताना हिप्परग्याचा काठ नुकता भिजू लागलेला असू शकतो. ‘या महिन्यात कोठे जावे’ असे कोणी विचारले तर आधी त्या तलावात पाणी केव्हा आले आणि आता ते चढते आहे, थांबले आहे की उतरते आहे, एवढे पाहावे. माझ्या अनुभवात दिवाळीनंतर पाणी निवळून स्थिर झाल्यापासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी घाई करण्यात अर्थ नसतो, ऊन वर आल्यावर मासा हलतो. याउलट मार्चनंतर, पारा चाळिशीकडे सरकू लागला की, उजाडतानाचा तास-दीड तास आणि मावळतीची वेळ एवढेच काय ते खरे.

नवशिक्याने सुरुवात हिप्परग्यापासून करावी असे मला वाटते. एकरुख तलाव म्हणून ओळखला जाणारा, आदिला नदीवरील हा तलाव १८७१ साली पूर्ण झाला. तुळजापूर रस्त्यावर शहराच्या उंबरठ्यावरच तो आहे, पसारा आवाक्यातला आहे आणि काठाला लव्हाळा, पाणकणीस, बुडालेली वेडी बाभूळ असे सगळे काही आहे. तो शहराच्या पिण्याच्या पाण्याशीही जोडलेला असल्याने तेथे घाण करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. कुरनूरचा जलाशय बोरी नदीवर आहे आणि तेथे नदीपात्राचे वळण शोधणे हे खरे काम आहे. सांगोल्याचा बुद्धिहाळ, मोहोळचा आष्टी, करमाळ्याचा मांगी हे तलाव पाणी असेल त्या वर्षी उत्तम असतात, पण निघण्यापूर्वी तेथील कोणाला तरी फोन करून पाण्याची चौकशी करावी. शहरातील सिद्धेश्वर तलाव हा ग्रामदैवताचा तलाव आहे. तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाने सांडपाणी आणि जलपर्णी पुष्कळ सोसली आहे. तेथील मासा घरी नेऊ नये असे माझे मत आहे.

आता बासच्या तोडीचा आपला मासा कोणता, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय मरळ हे आहे. तीही काठाच्या गवतात दबा धरते, बेडूक आणि लहान मासे खाते, पृष्ठभागावर झडप घालते आणि गळाला लागल्यावर जलपर्णीत घुसून दोरी तोडते. आपल्या पूर्व भागातील तेलुगू भाषक घरांत तिला मानाचे स्थान आहेच, शेजारच्या तेलंगणाने तर तिला राज्यमासा केले आहे. बाससाठी तयार झालेला रबरी बेडूक मरळीलाही तितकाच चालतो, कारण त्याचे दोन्ही काटे अंगाला चिकटून असल्याने तो गवतावरून न अडकता सरकतो. दोरी मात्र साध्या तंगुसाऐवजी (एकेरी नायलॉन धाग्याऐवजी) विणलेली आणि दणकट घ्यावी, रॉड कडक घ्यावा.

मरळ हवेतूनही श्वास घेते आणि तिची जागा कळण्याची किल्ली यातच आहे. मार्चच्या एखाद्या शांत सकाळी हिप्परग्याच्या लव्हाळ्यापाशी नुसते पंधरा मिनिटे उभे राहून पाहावे. चिलापी (तिलापिया) वर आली तर पाण्यावर बारीक थरथर उमटते आणि लगेच विरते. मरळ वर येते तेव्हा आधी गवताचे एखादे पाते वाऱ्याविना हलते, मग ओठ चटकन उघडून मिटल्यासारखा ‘पक्’ असा एकच आवाज होतो, एक गोल तरंग उठतो आणि त्याच्या मध्ये दोन-तीन बुडबुडे थोडा वेळ तसेच राहतात. पुढचा बुडबुडा कोणत्या बाजूला उठतो यावरून ती कोणीकडे निघाली आहे ते समजते. बेडूक त्या तरंगावर टाकू नये. चार-पाच हात पलीकडे, गवतावर टाकावा, सावकाश ओढत आणावा आणि गवतातील मोकळ्या पाण्याच्या डबक्यावर आला की थांबवावा. झडप बहुधा या थांबण्यावर येते. पाणी उसळल्याबरोबर झटका दिला तर रिकामा बेडूक अंगावर येतो, म्हणून दोरी जड लागेपर्यंत क्षणभर दम धरावा, मग जोरकस ओढ घ्यावी आणि तिचे डोके वर ठेवूनच तिला गवतावरून काठाला आणावे. उजनीचे पाणी वर्षातील बराच काळ शेवाळाने हिरवे आणि गढूळ असते. तेथे चकाकणाऱ्या आमिषापेक्षा गडद रंगाचे आणि पाण्यात खळखळणारे आमिष बरे, कारण मासा ते दिसण्याआधी त्याची थरथर टिपतो.

मरळीचे आणि बासचे आणखी एक साम्य आहे आणि त्याबाबत मी सर्व गळवाल्यांना हात जोडून विनंती करतो. बासचा नर घरट्याची आणि पिलांची राखण करतो. मरळीत नर-मादी दोघेही करतात. पावसाळ्यात काठच्या उथळ पाण्यात तांबूस-केशरी पिलांचा सुपाएवढा घोळका वळवळत फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली आई-बाप असतात. या घोळक्यावर आमिष टाकले की मोठी मरळ ते गिळायला नव्हे तर हाकलायला झडप घालते आणि सहज सापडते. अशा शिकारीच्या चित्रफिती आता आपल्याकडेही बनू लागल्या आहेत. ती जोडी उचलली की लहान-मोठे मासे आणि बगळे मिळून पिलांचा फडशा पाडतात. म्हणजे एका माशापायी पुढची अख्खी वीण जाते. पावसाळ्यात पिलांचा घोळका दिसला की तेथून गळ गुंडाळून पुढे जावे. इतर दिवसांतही खाण्यापुरती एखादी मरळ न्यावी आणि मोठ्या माद्या ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन परत सोडाव्यात.

आता बासचे बीज सोडण्याविषयी. परक्या माशांनी काय होते हे उजनीच्या कोळी-भोई बांधवांइतके कोणालाच ठाऊक नाही. मोझांबिकची चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या जाळ्यांत तिचेच राज्य आहे. थाई मांगूरच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी त्याची चोरटी शेततळी वेळोवेळी उघडकीस येत राहिली. शोभेच्या टाकीतून सुटलेला सकर मासा आता जाळ्यांत अडकतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नसते. या सर्वांच्या जोडीला बाससारखा पट्टीचा शिकारी आला तर मत्स्य सहकारी संस्था दरवर्षी पैसे खर्चून जी रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिले) सोडतात तिच्यावरच त्याचे पोट भरेल. जपानने हा अनुभव घेतला आहे. तेथे १९२५ साली हाकोनेजवळच्या आशी सरोवरात बास आणला गेला, पुढे तो ठिकठिकाणी पसरला, बिवासारख्या सरोवरात मूळच्या माशांवर संकट आले आणि अखेर २००५ पासून बासची वाहतूक आणि नव्या पाण्यात सोडणे कायद्याने बंद करावे लागले. ज्या सरोवरात जागतिक विक्रमाची बरोबरी झाली तेच हे बिवा. एकदा सुटलेला मासा परत गोळा करता येत नाही; उजनीसारख्या जलाशयात तर नाहीच, कारण तेथून तो भीमेने पंढरपूरकडे आणि पुढे कर्नाटकात जाईल.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे वारे अचानक सुटतात. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी दरम्यान प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटून सहा जणांचा बळी गेला, हे आपला जिल्हा विसरलेला नाही. जीवरक्षक जाकिटाशिवाय बोटीत पाय ठेवू नये आणि आभाळात गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून काठापासून दूर व्हावे, कारण कार्बनचा रॉड विजेला आमंत्रण देतो. तसेच तुटलेली दोरी तलावावर टाकून येऊ नये. हिवाळ्यात उजनीवर रोहित पक्षी येतात, होटगीच्या तलावावरही पाहुण्या पक्ष्यांची वर्दळ असते; काठावर पडलेला तंगूस त्यांच्या पायांत असा गुंतत जातो की तो पाय काही दिवसांत निकामी होतो. दोरीचा तुकडा खिशात घालून घरी आणायला कष्ट पडत नाहीत.

शेवटी मत्स्यव्यवसाय विभागाला आणि तलावांचा ठेका असलेल्या सहकारी संस्थांना एक सूचना करावीशी वाटते. गळवाल्यांसाठी प्रत्येक तलावावर अल्प शुल्काचा एक दिवसाचा पास असावा. तो काठावरच मिळावा, त्याचे पैसे संस्थेला मिळावेत आणि त्याच्या मागील बाजूस किती मासे नेता येतील, पावसाळ्यात कोणता काठ बंद राहील आणि कोणता मासा बाहेरून आणून सोडता येणार नाही हे स्पष्ट मराठीत छापलेले असावे. ठेकेदार संस्थेच्या सभासदाने बोटुकलीवर पैसे घालायचे आणि शहरातून आलेल्याने विचारल्याविना मासा न्यायचा, यातून आज काठावर वादावादी होते आणि त्यात मला संस्थेची बाजू न्याय्य वाटते. असा पास निघेपर्यंत गळवाल्यांनी तलावावर गेल्यावर प्रथम संस्थेच्या माणसाला भेटून परवानगी घ्यावी. बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटुकली उपसणाऱ्यांवर लक्ष ठेवायला काठावर पहाटेपासून बसलेला गळवाला संस्थेच्या फार उपयोगी पडू शकतो. तशी ओळख या परवानगीच्या निमित्तानेच होईल. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
गळाने मासेमारी करणारा एक वाचक,
सोलापूर